डावी पाचर

बर्फाच्या कारखान्यात माणूस घामाने निथळतो, असं सांगितलं तर लोकांना थाप वाटते. मी सांगितलं तर जरा जास्तच वाटते. तोंडवलीत बाबली बोलायला लागला की लोक आधीच हसायच्या तयारीने बसतात. एका सुरमईने माझी होडी देवगडापर्यंत ओढत नेली आणि वाटेत दोनदा थांबून माझी विचारपूस केली, हे मीच सांगितलेलं आहे, नाकारत नाही. पण कारखान्यातली गरमी खरी. टाकीच्या बाजूला पायाखाली बर्फ, आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरच्या खोलीत अंगातून वाफा. अमोनियाचा वास नाकात असा बसलेला की बायकोने केलेल्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाचा वास मला कारखाना बंद असेल त्या दिवशीच यायचा.

एकोणतीस वर्षं मी तो कॉम्प्रेसर चालवला. सात टनांचा बिडाचा धोंडा, बाजूला माणसाएवढं चाक. त्याला सोडून मी कुठे गेलो नाही. का गेलो नाही, ते पुढे येईलच.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात समुद्राने कारखान्याची पश्चिमेची भिंत नेली. पुढच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसर नेणार हे पोरासोरांनाही दिसत होतं. बर्फ नाही तर मासळी नाही, म्हणून सोसायटीने वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याला नवी शेड बांधली. अंतर दोनशे ऐंशी मीटर, त्यातले शेवटचे नव्वद मीटर चढाचे. मे महिन्यात कणकवलीहून क्रेन मागवली. ती खाडीवरच्या मोरीच्या छोट्या पुलापर्यंत आली. ड्रायव्हर उतरला, मोरीवर एक पाय आपटून पाहिला, पुन्हा चढला आणि आला तसा निघून गेला.

सोसायटीने नेमलेला इंजिनीअर रविराज इस्त्रीच्या शर्टात डोक्याला हात लावून उभा राहिला.

"पहिल्यांदा हे मशीन इथे आणलं कसं होतं?" त्याने विचारलं.

"ह्या बाबल्यान खांद्यार घेवन हाडल्यान," गंगाराम म्हणाला. "वाटेत एकदा बिडी ओढूक खाली ठेवल्यान, इतक्याच."

गंगाराम म्हणजे आमच्या रापणीचा म्होरक्या. रापणीचं मोठं जाळं ओढायला पंचवीस माणसं किनाऱ्यावर दोराला लागतात, त्यातली निवडक चौदा त्याने दिली. बाकी पद्धत जुनीच. कॉम्प्रेसरखाली दोन जाड वाशांची घसरण बांधायची, तिच्याखाली फळ्या, फळ्यांवर लोखंडी पाइप. पुढे झाडाला कप्प्या बांधून त्यांतून रापणीचा दोर घ्यायचा आणि ओढायचं. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे घालायचा. सपाटीवर हे मुलांच्या खेळासारखं आहे. चढावर मात्र एक माणूस धोंड्याच्या मागे बसतो. प्रत्येक ओढीनंतर मागच्या पाइपाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन पाचरी मारायच्या, म्हणजे दोर सैल केला तरी धोंडा मागे येत नाही.

पुढून हाका देणाऱ्या हाकाऱ्याला मागचा माणूस दिसत नाही. मध्ये सात टन असतात. म्हणून सगळं हाकेवर चालतं. हाकारा म्हणतो, "ओढ!" माणसं ओढतात. पाचरी बसल्या की मागचा ओरडतो, "बसली!" मग हाकाऱ्याने "आयकलंय!" म्हणायचं आणि त्यानंतरच "सैल!" म्हणायचं. या चार हाकांपैकी एक जरी गाळली तर माणूस जातो.

चौऱ्याहत्तर साली हा धोंडा पहिल्यांदा गावात आला तेव्हा हाकारा मी होतो. मागे पाचरीवर लवू होता. माझ्याच वयाचा, डावखुरा, कमी बोलणारा. त्याच्या पाचरी मोडक्या होडीच्या उंडीच्या लाकडातून काढलेल्या, काळपट तांबड्या, घासून गुळगुळीत. पडावातून, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीतून, धोंडा उतरवून वाळूचा चढ चढवत होतो. मागून भरती येत होती आणि पडाववाला आई-बहिणीवरून ओरडत होता. शेवटच्या ओढीनंतर मी "सैल!" म्हटलं. धोंडा मागे आला. एक फूटच. पण त्या एका फुटात लवू होता.

लोकांनी मला विचारलं, हाक आली होती का? मी म्हटलं, आली होती. "बसली" म्हणाला तो. मी ऐकलं.

मी ऐकलं नव्हतं. तो बोललाच नव्हता. मला घाई झाली होती.

आयुष्यात शेकडो थापा मारल्या, त्यातली हीच एक सगळ्यांनी न हसता मान्य केली. लवूने पाचर बसायच्या आधीच हाक दिली, स्वतःच्या चुकीने गेला, असं गावात ठरलं. त्याच्या दोन्ही पाचरी त्याच्याबरोबर चितेवर ठेवल्या. मीच ठेवल्या. त्याची बायको लक्ष्मी तेव्हा आठ महिन्यांची पोटुशी होती.

पोटातला तो मुलगा म्हणजे सत्यवान. दोन हजार तीनमध्ये एकोणतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, दंड होडीच्या पुढच्या नाळीसारखे. रापणीत कुठे गाठ सुटली, कुठे दोर निसटला की कुणीतरी हसून म्हणायचंच, "लवूचो झील मरे तो!" तो हसायचा नाही. क्रेन परत गेली त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी काढून घेऊनच आला होता. ताज्या, पिवळ्याधमक.

"बाबलीकाका, पाचरीर मी बसतलंय."

"दुसरो कोण मिळात रे."

"दुसरो कित्याक? बापाशीन खोटी हाक दिल्यान म्हणतत मा? मगे झिलान खरी दिवक नको?"

मी त्या पिवळ्या पाचरी हातात घेऊन पाहिल्या आणि त्याला परत दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मी आली. डोक्यावर मासळीची टोपली, बाजारच्या वाटेवरची. माझ्या अंगणातल्या खळ्यात उभीच राहिली.

"भावजी, सत्यवान पाचरीर बसतलो म्हणता."

"होय गो."

"तेका नको म्हणान सांगा."

"माझा खंय आयकता तो?"

"तुमचा सगळो गाव आयकता," ती म्हणाली. हसली नाही. टोपली डोक्यावर नीट केली. "मगे एक करा. तो बोलल्याबगर सैल म्हणा नको."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्यामागच्या माडाकडे बघत होती.

"घोव गेलो तेवा मी तुमका काय इचारूक नाय," ती म्हणाली. "झील गेलो तर इचारतलंय."

आणि ती बाजाराला गेली.

सपाटीचं अंतर एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता धोंडा चढाच्या पायथ्याशी होता. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या कुंपणाचे गडगे, वर उंडीचं जुनं झाड, त्याच्या बुंध्याला कप्प्या. वारा पडलेला. समुद्र मागे ताटातल्या पेजेसारखा सपाट.

गंगारामने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय सात टनाचो धोंडो तुझी लेकरा वर नेतत, तेका वाट दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौदा जणांनी साथ दिली.

"कणकवलेच्या क्रेनवाल्यान मोरीवयल्यान तोंड फिरवल्यान, तेच्या गाडयेचे सगळे टायर पंक्चर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात रविराजचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि फुडे-मागे जो कोण उभो आसात, दिसता नाय दिसता, तेणी आज हात लावचो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं वाक्य तो रापण ओढतानाही घालतो. वळणाने तोंडात येतं त्याच्या.

पहिल्या दहा ओढी सुरळीत झाल्या. प्रत्येक ओढीला दोनेक मीटर वर. "ओढ!" दोर कुरकुरायचा, टाचा मातीत रुतायच्या, पाइप फळीवर दळल्यासारखा आवाज करायचा. मग मागून सत्यवानची हाक, "बसली!" मी, "आयकलंय! सैल!" त्याची हाक येईपर्यंत मी श्वाससुद्धा सोडत नव्हतो.

अकराव्या ओढीला हाक दोनदा आली. एकदा मोठ्याने, आणि मग हळू, दाटल्या गळ्याची.

"गडग्यावर आपटून येतोय आवाज," रविराज म्हणाला. त्याने ऐकलं होतं म्हणजे. मला बरं वाटलं.

पण माझ्या "ओढ"चा आवाज कुठेच आपटत नव्हता. गंगारामच्या शिव्यांचाही नाही, आणि त्या सत्यवानच्या हाकेहून मोठ्या होत्या.

पंधराव्या ओढीपर्यंत दोन्ही हाका एकमेकींना चिकटल्या. विसाव्यानंतर मला एकच ऐकू येऊ लागली. मी म्हटलं, चला, वारा बदलला असेल.

बारा वाजता सावलीला बसलो. लक्ष्मी पेजेची कळशी आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन आली होती. सगळ्यांना वाढून ती धोंड्याच्या मागे गेली, पाचरींकडे वाकून बघितलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं मुलाची काळजी.

सत्यवान माझ्याजवळ येऊन बसला. गुडघे लाल मातीने माखलेले.

"काका, एक इचारू? मी बोलाच्या आदी तुमी 'आयकलंय' कसा म्हणतास?"

"म्हणजे?"

"मगाधरना तसाच चल्लाहा. मी तोंड उघडतंय, तर थयसून तुमचा 'आयकलंय'. तुमका कळता कसा, पाचर बसली ती?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"आणि डावी पाचर कोण मारता?" तो म्हणाला. "मी उजवी मारून वळतंय, तर डावी बसलेलीच आसता. गंगाकाका येता की काय मागे?"

"गंगाराम माझ्यासमोर दोराला आहे रे सकाळपासून," मी म्हटलं. घाबरलो की मी शुद्ध बोलतो.

सत्यवानने माझ्याकडे पाहिलं, मग हसला. "सांगा मगे, खयची थाप घालतास ती."

तेवढ्यात गंगारामने सगळ्यांना उठवलं. मी त्या वेळी काम थांबवायला हवं होतं. पण काय सांगून थांबवणार होतो? बाबली म्हणतो की मागे कुणीतरी आहे? वीस मीटर उरले होते.

दुपारच्या तिसऱ्या ओढीला कप्पीचा हूक सरळ झाला. तुटला नाही. मेणाचा असावा तसा उलगडला. दोर साप उडावा तसा उंडीवरून उडाला आणि चौदा माणसं एकमेकांच्या अंगावर पडली.

धोंडा मागे निघाला.

मी बघत होतो. सात टन पहिल्यांदा हलतात ते अगदी सावकाश हलतात.   फक्त पाइप फळीवर फिरल्याचा आवाज.

मग थांबला.

एक फूट. मी मोजला नाही, पण तो एक फूट मला पाठ आहे.

मागून हाक आली.

"बसली."

मी धावलो. रविराज माझ्या पुढे होता. आम्ही गडग्याला घासत मागे पोचलो. सत्यवान वाटेच्या कडेला उताणा पडला होता. डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले, तोंडावर माती. उजवी पिवळी पाचर उडून गटारात पडली होती. दुसरी पिवळी त्याच्या हातातच होती, छातीशी धरलेली. त्याने ती मारलीच नव्हती.

मागच्या पाइपाच्या डाव्या अंगाला तरीही एक पाचर होती. काळपट तांबडी.

"बसली," पुन्हा आलं. आमच्यासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. रागावलेला आवाज नव्हता. काम संपवून उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाचा होता.

सत्यवानचे ओठ हलले नव्हते. आम्ही सगळे त्याच्या ओठांकडेच बघत होतो.

"बसली."

चौदाही जण आता आमच्यामागे येऊन उभे होते. पेज वाढून झाल्यावर लक्ष्मी घरी गेली नव्हती; ती गडग्यापलीकडे उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं, तो श्वास घेतोय हे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.  तिला विचारायचं होतं ते ती फक्त मुलगा गेला असता तरच विचारणार होती.

"बसली."

 ज्या तोंडाने आयुष्यभर सुरमया देवगडला नेल्या, त्यातून एक शब्द निघेना.

"आयकलंय," मी म्हटलं.

मी पाचरीसमोर गुडघ्यावर बसलो.

"आयकलंय, लवू. आज आयकलंय. त्या दिसा आयकूक नव्हतंय. तू बोललंच नव्हतंस, मीच सैल म्हटलंय. तू खोटी हाक दिवक नाय रे. मी खोटा बोललंय."

वारा आला. वर उंडीची पानं हलली. पाइपाने फळीवर लहानसा आवाज केला, आणि सात टनांचा धोंडा एखादी थकलेली म्हैस बसावी तसा त्या पाचरीवर विसावला.

त्यानंतर हाक आली नाही.

उरलेला चढ आम्ही नवा हूक लावून तासाभरात चढलो. रविराजने खिशातून वही काढून एका पाचरीवर सात टन कसे तोलले याचं गणित मांडलं, दोन ओळी लिहिल्या आणि वही परत खिशात ठेवली. चढायच्या आधी जॅक लावून धोंडा उचलला तेव्हा ती तांबडी पाचर मोकळी झाली. ती उचलायला कुणी पुढे होईना. लक्ष्मी आली, वाकली, उचलली, पदराने माती पुसली. मी जवळच होतो. पाचरीची एक कड जळलेली होती, कोळशासारखी. पेजेच्या रिकाम्या कळशीत ती घालून लक्ष्मी घरी गेली.

आता गंमत ऐका. मी त्या दिवशी बोललो ते सगळ्या गावाने ऐकलं, आणि कुणीही मानलं नाही. बाबलीने मेलेल्या दोस्ताची अब्रू राखायला काय छान थाप मारली, असं पारावर आजही कौतुकाने सांगतात. चौदाजणांना विचारलं तर म्हणतात, हाक सत्यवानची होती, दुसऱ्या कुणाची असणार? सत्यवान काही म्हणत नाही. पण रापणीत आता कुणाची गाठ सुटली तर त्याच्या बापाचं नाव कुणी घेत नाही.

नारळी पुनवेच्या आधी नवी शेड सुरू झाली. पहिल्या लादीतला बर्फाचा तुकडा भुश्यात गुंडाळून मी लक्ष्मीकडे गेलो. दुपारचे चार वाजले असतील. ऊन-पावसाचा खेळ चाललेला. ती पडवीत विळीवर नारळ खवत बसली होती.

"बसा, भावजी."

बसलो. समुद्रावरून वारा येत होता आणि तिचं दार सारखं आपटू बघत होतं. ते आपटत नव्हतं. खाली ती तांबडी पाचर लावलेली होती.

"लक्ष्मी," मी म्हटलं, "त्या दिसा मी..."

"आयकलंय मा मी. सगळ्या गावावांगडा आयकलंय." ती खवतच होती. "तो खोटी हाक मारूचो नाय, ह्या माका तेवाच म्हायत होता."

"मगे एकोणतीस वर्सा काय बोलाक नाय ता?"

"तुमी आपणाहून सांगतलास म्हणान थांबलंय." तिने नारळाची कवड फिरवली. "तोय थांबललो."

वाऱ्याचा एक मोठा झोत आला. दार चार बोटं सरकलं. पलीकडच्या खोलीत कुणी नव्हतं; सत्यवान समुद्रावर गेला होता आणि सून मुलांना घेऊन माहेरी धामापूरला. दाराच्या पलीकडून लाकडावर लाकूड ठोकल्याचे दोन बारीक आवाज आले. दार जागच्या जागी घट्ट झालं.

"बसली," आतून आलं.

लक्ष्मीने मान वर केली नाही.

"आयकलंय," ती म्हणाली, आणि नारळाची दुसरी कवड हातात घेतली.